प्रसिद्ध माणूस फरार झाला तर प्रत्यार्पणातून सूट मिळावी का? (निमित्त: पोलान्स्की)

शेवगा
चित्रपट दिग्दर्शक रोमन पोलान्स्कीचा विषय दुसऱ्या धाग्यावर निघाला आणि सिनेमा बाजूला राहून हाणामारी सुरू झाली, म्हणून इथे वेगळी चूल मांडतोय.

ज्यांना प्रकरण माहीत नाही त्यांच्यासाठी: मार्च १९७७, लॉस एंजेलिस. मासिकासाठी फोटो काढायचे म्हणून तेरा वर्षांच्या मुलीला जॅक निकल्सनच्या घरी नेलं (निकल्सन गावात नव्हता), शॅम्पेन आणि क्वालूड (गुंगीची गोळी) देऊन अत्याचार केला, अशी तक्रार. ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा का ते ठरवणारं नागरिकांचं मंडळ) सहा आरोप ठेवले. ऑगस्टमध्ये तडजोड झाली आणि त्याने एका आरोपाची कबुली दिली: अल्पवयीन मुलीशी बेकायदा शरीरसंबंध. बाकीचे पाच सोडायचे ठरले. न्यायाधीश रिटनबँड यांनी ९० दिवसांच्या मानसिक तपासणीसाठी चिनोच्या तुरुंगात पाठवलं, ४२ दिवसांत बाहेर आला. शिक्षा सुनावायची वेळ आली १ फेब्रुवारी १९७८ ला, तोवर गडी लंडनमार्गे पॅरिसला पोचलेला. अमेरिकेत परत पाऊल टाकलेलं नाही. २००३ चं ऑस्करसुद्धा त्याच्या वतीने हॅरिसन फोर्डने घेतलं.

२००९ मध्ये झुरिकला अटक झाली तेव्हा शंभरावर सिनेमावाल्यांनी 'सोडा त्याला' म्हणून पत्रक काढलं. माझं मत सरळ आहे. चित्रपट कितीही थोर असोत, गुन्हा गंभीर असेल तर माणूस परत पाठवायलाच हवा. पण प्रश्न असा आहे की कायद्यात प्रसिद्धीला खरंच काही सूट आहे का? नसेल तर हा इतकी वर्षं सुटतो कसा?

उंटावरचा_शहाणा
पैसा. धागा संपला. कुलूप लावा.

कोर्टाचीपायरी
शहाणे, इतकं सोपं असतं तर आमच्या व्यवसायाचं कठीण होतं.

शेवगा, कुठल्याही प्रत्यार्पण करारात 'आरोपी नामवंत आहे' हे नकाराचं कारण नाही. कारणं ठरावीक असतात. कृत्य दोन्ही देशांत गुन्हा असावं लागतं आणि त्याला किमान ठरावीक शिक्षा असावी लागते (बहुतेक करारांत एक वर्ष). शिक्षा आधीच झाली असेल तर किती बाकी आहे ते पाहतात. गुन्हा राजकीय नसावा. ज्या गुन्ह्यासाठी माणूस मागितला त्याच गुन्ह्यासाठी खटला चालवायचा, आणल्यावर दुसरी प्रकरणं उकरायची नाहीत. फाशीची शक्यता असेल तर हमी लागते. आणि कित्येक देश आपला नागरिक देतच नाहीत.

पोलान्स्कीचं पहिलं कवच या शेवटच्या कलमात आहे. जन्म पॅरिसचा, १९७६ पासून फ्रेंच नागरिक. फ्रान्स गुन्ह्याच्या वेळी फ्रेंच असलेल्या माणसाला परदेशाच्या हवाली करत नाही, मग तो दिग्दर्शक असो की मार्सेचा मासेवाला.

नानबा
म्हणजे फ्रेंच पासपोर्ट काढा आणि जगभर धुडगूस घाला? हे कसलं कलम?

कोर्टाचीपायरी
तसं नाही. नागरिक द्यायचा नसेल तर स्वतः खटला चालवा, हे तत्त्व त्याच्या जोडीला असतं. फ्रेंच नागरिकाने परदेशात केलेल्या गंभीर गुन्ह्याचा खटला फ्रान्समध्ये चालू शकतो. पण साक्षीदार, कागद, तपास अधिकारी सगळं लॉस एंजेलिसला. कॅलिफोर्नियाच्या सरकारी वकिलांना स्वतःचं प्रकरण, तेही कबुली झालेलं, पॅरिसला देण्यात काडीचा रस नव्हता. त्यामुळे तो रस्ता कागदावरच राहिला.

फिल्लमबाज
दगड मारायला सगळे तयार, म्हणून दुसरी बाजू मांडतो.

आई आउशविट्झमध्ये मारली गेली, स्वतः लहानपणी क्राकोच्या घेट्टोतून निसटला. १९६९ मध्ये आठ महिन्यांची गरोदर बायको मॅन्सनच्या टोळीने मारली. माणूस आतून मोडलेला होता. शिवाय ती मुलगी, जी आता आजी आहे, तिनेच किती वेळा कोर्टाला सांगितलं की प्रकरण मिटवा, मला या बातम्यांचाच जास्त त्रास होतो. जिच्यावर अन्याय झाला तीच नको म्हणते तर आपण कोण?

आणि प्रोबेशन खात्याने १९७७ मध्ये अहवाल दिला होता की तुरुंगाची गरज नाही, प्रोबेशन द्या (म्हणजे देखरेखीखाली बाहेर ठेवा). हा कोणी अनोळखी छायाचित्रकार असता तर ४२ दिवस चिनोत काढून घरी गेला असता. त्याला प्रसिद्धी नडली, वाचवलं नाही!

अनामिका_ठाणे
फिल्लमबाज, तीन गोष्टींची खिचडी करताय.

त्याच्या आयुष्यात जे घडलं ते भयंकरच, पण ते शिक्षा किती द्यायची त्या सुनावणीत सांगायचं. माणूस कोर्टासमोर आणायचा की नाही याच्याशी त्याचा संबंध नाही. सुनावणीलाच आला नाही तर ऐकणार कोण?

तिचं म्हणाल, तर फौजदारी खटल्यात फिर्यादी ती नाही, कॅलिफोर्नियाची जनता आहे. आपल्याकडेही 'सरकार विरुद्ध अमुक' असंच असतं ना? ती २०१७ मध्ये स्वतः लॉस एंजेलिसच्या कोर्टात जाऊन बोलली. न्यायाधीश स्कॉट गॉर्डन यांनी ऐकून घेतलं आणि अर्ज फेटाळला: आरोपी फरार आहे तोवर प्रकरण बंद होणार नाही. तिच्या त्रासाबद्दल पूर्ण सहानुभूती आहे. पण हे प्रकरण इतकी वर्षं लोंबकळत राहिलं ते तो पळाला म्हणून, हे विसरून तिच्या खांद्यावरून त्याच्यासाठी बंदूक चालवू नका.

मुळशीकर
+१०० अनामिकाताई.
बाकी 'प्रसिद्धी नडली' हे अर्धं खरं आहे. तडजोडीनंतर न्यायाधीशांनी त्याला चित्रपटाचं काम उरकायला मुदत दिली होती. साहेब म्युनिकच्या ऑक्टोबरफेस्टमध्ये, बायकांच्या घोळक्यात सिगार ओढताना, हा फोटो सांता मोनिकाच्या पेपरात छापून आला. रिटनबँड तिथलेच. खवळले. अनोळखी माणसाचा असा फोटो कोण छापणार होतं? पण अनोळखी माणसाला कबुलीनंतर परदेशी जायची मुभा तरी कोण देतं, तेही विचारा.

झुरिककर
स्विस टप्पा नीट समजून घ्या, खरी गंमत तिथे आहे.

झुरिकच्या महोत्सवाने त्याला जीवनगौरव जाहीर केला होता. तारीख, शहर, कार्यक्रम सगळं उघड. २६ सप्टेंबर २००९ ला विमानतळावर उतरला आणि पकडला. ही 'तात्पुरती अटक'. यात अमेरिकेने वॉरंट आणि गुन्ह्याचा गोषवारा पाठवला की पुरतं, पूर्ण कागद नंतर. पण त्यालाही मुदत असते. साठ दिवसांत औपचारिक मागणी आली नाही तर माणूस सोडावा लागतो. अमेरिकेने ती ऑक्टोबरमध्येच दिली.

नोव्हेंबरात जामीन: ४५ लाख स्विस फ्रँक, ओळखपत्रं जमा, पायाला इलेक्ट्रॉनिक पट्टा. ४ डिसेंबरला ग्श्टाडच्या स्वतःच्या बंगल्यात नजरकैद. घर आणि आवार सोडलं की पट्टा वाजणार. तिथूनच त्याने नव्या चित्रपटाचं उरलेलं काम संपवलं आणि फेब्रुवारी २०१० मध्ये बर्लिनला त्याच्यासाठी दिग्दर्शनाचं पारितोषिकही जाहीर झालं.

आणि १२ जुलै २०१० ला स्वित्झर्लंडने प्रत्यार्पण नाकारलं. कारण काय? सिनेमा नव्हे, पत्रक नव्हे. अमेरिकेबरोबरच्या करारात किमान सहा महिने शिक्षा बाकी असावी लागते. बचावाचं म्हणणं, ९० दिवसांचा चिनोचा मुक्काम हीच पूर्ण शिक्षा असं न्यायाधीशांनी १९७७ मध्ये दोन्ही वकिलांना सांगितलं होतं. ते खरं असेल तर बाकी काहीच नाही. मूळ सरकारी वकील रॉजर गन्सन यांनी जानेवारी २०१० मध्ये यावर शपथेवर जबाब दिला होता, तो सीलबंद. स्विस न्याय खात्याने मागितला. अमेरिकेने गोपनीय म्हणून दिला नाही. घोडं तिथे अडलं.

दुसरं कारण असं दिलं की तो २००६ पासून ग्श्टाडच्या घरी येत-जात होता, अमेरिकेला माहीत असून मागणी केली नाही, त्यामुळे आपल्याला इथे धोका नाही असं तो धरून चालला.

नानबा
म्हणजे एक पाकीट उघडलं नाही म्हणून?

झुरिककर
हो. नऊ महिने कोठडी आणि नजरकैद, आणि शेवटी एक जबाब.

उंटावरचा_शहाणा
मी 'पैसा' म्हणालो तेव्हा हसलात. ४५ लाख फ्रँकचा जामीन आणि वर स्की रिसॉर्टात बंगला. प्लंबर असता तर आर्थर रोड. 😏

मुळशीकर
शहाण्यांनी नकळत पोलंडच्या मंत्र्याची ओळ म्हटली. २०१५ मध्ये क्राकोच्या कोर्टात न्यायाधीश मझुर यांनी प्रत्यार्पण नाकारलं: तिथे न्याय्य वागणूक मिळेल याची खात्री नाही. नंतर सरकार बदललं, न्यायमंत्री झ्योब्रो आले. साधा शिक्षक, डॉक्टर किंवा प्लंबर असता तर याला कधीच पाठवला असता, अशा अर्थाचं बोलून त्यांनी प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेलं. डिसेंबर २०१६ ला तिथेही अर्ज फेटाळला. म्हणजे सरकारची इच्छा असूनही न्यायालयाने अडवलं.

फिल्लमबाज
बघा! दोन देशांची यंत्रणा सांगते की लॉस एंजेलिसच्या न्यायाधीशानेच घोळ घातला. डेव्हिड वेल्स नावाच्या दुसऱ्या सरकारी वकिलाने २००८ च्या माहितीपटात कॅमेऱ्यासमोर कबूल केलंय की रिटनबँडला एकांतात मीच पढवलं.

कोर्टाचीपायरी
आणि त्याच वेल्सने, पोलान्स्कीच्या अटकेनंतर आठवडाही झाला नव्हता, तेव्हा सांगितलं की ते मी खोटं बोललो, जरा रंगवून सांगितलं. दोन्हींपैकी कुठलं खोटं ते तुम्ही ठरवा, पण या साक्षीदारावर इमारत बांधू नका.

न्यायाधीशाने शब्द फिरवला याबद्दल त्याहून भक्कम कागद आहे: गन्सनचा तोच सीलबंद जबाब. जुलै २०२२ मध्ये तो अखेर खुला झाला. त्यात आहे की रिटनबँडनी खासगीत दिलेला शब्द पाळला नाही. चिनो पुरे म्हणाले, मग पेपरात टीका व्हायला लागली तसे फिरले, आणि उरलेले ४८ दिवस भर, मग देश सोड, अशी भाषा सुरू झाली.

पण याचं उत्तर पळून जाणं नव्हे. न्यायाधीशाने तडजोड मोडली तर कबुली मागे घेता येते, खटला दुसऱ्या न्यायाधीशाकडे नेता येतो, अपील आहे. पळून गेल्यावर पंचवीस-तीस वर्षांनी तीच तक्रार करायची म्हणजे ताकाला जाऊन भांडं लपवणं.

अनामिका_ठाणे
आणि पळालेला असून कायद्याचा फायदा कसा घ्यायचा याचा नमुना म्हणजे २००५ चा लंडनचा अब्रुनुकसानीचा खटला. एका अमेरिकन मासिकाविरुद्ध त्याने लंडनमध्ये दावा लावला, पण तिथे पाऊल टाकलं तर प्रत्यार्पण होईल म्हणून साक्ष पॅरिसहून व्हिडिओवर. हाउस ऑफ लॉर्ड्सने ३ विरुद्ध २ ने परवानगी दिली. दावा जिंकला, ५०,००० पौंड मिळाले. फरार माणसाचे दिवाणी हक्क जात नाहीत हे तत्त्व म्हणून मला मान्य आहे. पण व्हिडिओवर साक्ष द्यायचे वकील कोणाला परवडतात, ते शहाण्यांना विचारा.

उंटावरचा_शहाणा
आता वाटतंय कुलूप उघडंच राहू दे.

दिंडीदरवाजा
अवांतर होईल, पण आपल्याकडची उलटी बाजू पाहिल्याशिवाय चर्चा अर्धी आहे. आपण मागतो तेव्हा कुठे अडतं?

भारत-ब्रिटन करार १९९२ चा, अंमल १९९३ पासून. साधारण वाट अशी: तपास यंत्रणा आरोपपत्र आणि बेमुदत वॉरंट घेते, कागद परराष्ट्र मंत्रालयाच्या कॉन्सुलर विभागाकडून ब्रिटिश गृहखात्याकडे. तिथे प्रमाणित झाले की वेस्टमिन्स्टर मॅजिस्ट्रेट अटकेचं वॉरंट काढतो. मग सुनावणी. भारताला प्रथमदर्शनी पुरावा दाखवावा लागतो, अमेरिकेला ब्रिटनमध्ये तो दाखवावा लागत नाही. मॅजिस्ट्रेटने होकार दिला की गृहमंत्र्यांची सही, मग हायकोर्ट, मग सर्वोच्च न्यायालयाची परवानगी मिळाली तर तिथे.

घाण होते ती कागदांत. पोलिसांनी घेतलेले जबाब शब्दन् शब्द सारखे, टायपिंगच्या चुकांसकट, हा बचावाचा लाडका मुद्दा. भाषांतराची पानं मागेपुढे. एका प्रकरणातली जोडपत्रं दुसऱ्यात. आणि तुरुंग. मल्ल्याच्या सुनावणीत न्यायाधीश आर्बथनॉट यांनी आर्थर रोडच्या १२ नंबर बराकीचा व्हिडिओ मागितला होता. खिडकीतून उजेड येतो का, हे दिवसाउजेडी दाखवा म्हणाल्या. एका बराकीत अनेक कैदी असतील तर माणशी तीन चौरस मीटर हा युरोपियन मानवाधिकार न्यायालयाचा निकष. तो मोजपट्टीने सिद्ध करावा लागतो, 'व्यवस्था उत्तम आहे' या वाक्याने नाही.

मुळशीकर
आणि प्रसिद्धी शून्य असूनही माणूस सुटतो याचं उदाहरण डेन्मार्कचा किम डेव्ही. पुरुलियात १७ डिसेंबर १९९५ च्या रात्री विमानातून शस्त्रं टाकली, मुंबईला विमान उतरवल्यावर हा विमानतळावरूनच निसटला. डेन्मार्कच्या सरकारने २०१० मध्ये होकार दिला, २०११ मध्ये तिथल्या हायकोर्टाने नाकारलं: भारतात छळ होण्याचा धोका. कोणी पत्रक काढलं नव्हतं हो त्याच्यासाठी.

नानबा
संगीतकार नदीम सैफी? तो तर प्रसिद्धही होता आणि सुटलाही.

कोर्टाचीपायरी
नदीमचं उदाहरण काळजीपूर्वक घ्या. त्यांच्यावर आरोप होता गुलशन कुमारांच्या हत्येच्या कटाचा; हत्या १२ ऑगस्ट १९९७, अंधेरीत. लंडनच्या हायकोर्टाने डिसेंबर २००० मध्ये प्रत्यार्पण नाकारलं ते मुख्यतः माफीच्या साक्षीदाराच्या जबाबावर विश्वास बसला नाही म्हणून. आणि त्यांचा गुन्हा कुठेच सिद्ध झालेला नाही. पोलान्स्कीने कबुली दिलेली आहे. दोघे एका रांगेत बसत नाहीत.

उलट अबू सालेम. त्याला नाव होतं, पैसा होता, सोबत बॉलिवूडची नटी होती. तरी पोर्तुगालने २००५ मध्ये दिला, कारण भारताने लेखी हमी दिली: फाशी नाही, २५ वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. २०२२ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयानेही सरकारला बजावलं की हमी पाळावी लागेल. हमी पाळली नाही तर पुढचा देश पुढचा आरोपी देणार नाही, इतका रोकडा व्यवहार आहे.

संपादक
आर्थर रोड, मल्ल्या, नीरव मोदी यांवर बोलायचं असेल तर 'आर्थिक गुन्हेगार' धागा आहे. इथे मूळ प्रश्नावर या. फिल्लमबाज आणि शहाणे यांनी एकमेकांच्या आवडत्या दिग्दर्शकांवर लिहिलेले दोन प्रतिसाद उडवले आहेत.

शेवगा
धन्यवाद संपादक. मूळ प्रश्नाचं उत्तर मला असं दिसतंय की प्रसिद्धीची सूट करारात नाही, ती बाहेर आहे. पण नेमकी कुठे? लॉस एंजेलिसवाले तीस वर्षं स्वस्थ बसले हे मला पटत नाही.

झुरिककर
स्वस्थ नव्हते, अटकेनंतर त्यांनी प्रयत्नांची यादीच प्रसिद्ध केली. १९७८ ला इंग्लंड, पुढे कॅनडा, २००५ ला थायलंड, २००७ ला इस्रायल. अडचण अशी की तो कुठल्या देशात कधी जाणार हे आधी कळलं पाहिजे, तिथल्या कराराप्रमाणे कागद तयार पाहिजेत, आणि तो निघायच्या आत पोचले पाहिजेत. दोन दिवसांच्या दौऱ्यावर आलेला माणूस कागद पोचेपर्यंत परत पॅरिसला. म्हणूनच इंग्लंडमधल्या कादंबरीचं चित्रीकरण त्याने नॉर्मंडी-ब्रिटनीत केलं.

हे जमवायला दोन पासपोर्ट, प्रत्येक देशात सल्ला देणारा वकील आणि ज्याच्यासाठी निर्माता अख्खं युनिट दुसऱ्या देशात हलवेल असं नाव लागतं. शेवगा, तुमची सूट तिथे आहे. न्यायाधीशाच्या टेबलावर ती सापडणार नाही.

फिल्लमबाज
हे मात्र मान्य. तरी मी म्हणेन, २००९ चं ते पत्रक मूर्खपणाचं होतं, पण स्विस निकालावर त्याचा परिणाम झाला नाही. महोत्सवाला येणाऱ्या कलावंताला पकडू नये, महोत्सव म्हणजे जणू परदेशी वकिलात, असा त्यांचा सूर होता. सही करणाऱ्यांपैकी एम्मा थॉम्पसनने नंतर नाव काढून घेतलं.

अनामिका_ठाणे
निकालावर परिणाम नाही झाला, मुलींवर झाला. तक्रार करायला निघालेल्या मुलीने ती शंभर नावं वाचली असतील तर ती काय करेल?

फिल्लमबाज
...याला उत्तर नाही माझ्याकडे.

दिंडीदरवाजा
मला एक कळत नाही. शिक्षाच सुनवायची बाकी होती, तर त्याच्या गैरहजेरीत सुनावून मोकळं का नाही झाले?

कोर्टाचीपायरी
या धाग्यावरचा सगळ्यात चांगला प्रश्न. डिसेंबर २००९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या अपील न्यायालयाने नेमकं हेच सुचवलं होतं. प्रकरण रद्द करायला नकार दिला, पण न्यायाधीशाच्या वागण्याचे आरोप गंभीर आहेत, त्यांची चौकशी व्हावी, आणि गैरहजेरीत शिक्षा हा मार्ग उपलब्ध आहे असं म्हटलं. पोलान्स्कीच्या वकिलांनी लगेच अर्ज केला. जानेवारी २०१० मध्ये न्यायाधीश एस्पिनोझा यांनी नाही म्हटलं: आधी स्वतः हजर व्हा. फरार माणसाने कोर्टाकडे सवलत मागू नये, हे तत्त्व.

माझ्या मते तिथे चूक झाली. तत्त्व बरोबर, पण शिक्षा सुनावली असती तर आकडा मिळाला असता. सहा महिन्यांहून जास्त आली असती तर स्विस लोकांचा 'बाकी शिक्षा किती' हा मुद्दाच संपत होता. कमी आली असती तर प्रकरण तिथेच मिटलं असतं, आणि त्या बाईंनाही दर दोन वर्षांनी कॅमेऱ्यांना तोंड द्यावं लागलं नसतं.

अनामिका_ठाणे
असहमत. मग प्रत्येक पळपुट्याला वकिलामार्फत शिक्षेची बोली लावायची सोय झाली असती. आकडा पटला तर येतो, नाही पटला तर पॅरिस आहेच.

कोर्टाचीपायरी
बोली नव्हे, तो आकडा त्याच्यावर बंधनकारक असता. पण तुमचा मुद्दा एस्पिनोझांनाही पटला असणार.

नानबा
आता काय स्थिती आहे? नव्वदी ओलांडली ना? इतक्या वर्षांनी मुदत संपत नाही का?

कोर्टाचीपायरी
मुदतीचा कायदा आरोप दाखल करण्यापुरता असतो. इथे आरोप १९७७ मध्येच दाखल झाला, कबुलीही नोंदली गेली, त्यामुळे ते घड्याळ बंद आहे. हजर राहिला नाही म्हणून निघालेलं वॉरंट माणूस हजर होईपर्यंत किंवा मरेपर्यंत राहतं. सरकारी वकिलांनी स्वतः प्रकरण मागे घ्यायचा अर्ज करून न्यायाधीशाने मान्य केला तर सुटेल. २०२२ मध्ये त्यांनी गन्सनचा जबाब उघडायला हरकत घेतली नाही, एवढंच. प्रकरण मागे घेतलेलं नाही.

उंटावरचा_शहाणा
थोडक्यात, फ्रान्समधून हलू नका.

झुरिककर
आणि जीवनगौरव पुरस्कार टपालाने मागवा.